जाहीर झालेली रक्कम आणि घरी पोहोचणारा पैसा

कर्तव्य बजावताना एखादा पोलीस मारला गेला की बातमीत एक आकडा येतोच: कुटुंबाला अमुक लाखांची मदत जाहीर. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस गेला तो गेला, पण निदान घर उघड्यावर पडणार नाही. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे सहा-सात वाटांनी येऊ शकणाऱ्या पैशांपैकी एक वाट असते. पुढची वीस वर्षं घर चालतं ते बहुधा दुसऱ्याच वाटेने आलेल्या पैशावर. आणि जो पोलीस जखमी होऊन वाचला, त्याच्यासाठी अनेकदा आकडाही जाहीर होत नाही. त्याची बातमी 'प्रकृती स्थिर' इथे संपते आणि खर्च तिथून सुरू होतो.

ही व्यवस्था देशोदेशी वेगळी आहे. नावं वेगळी, नियम वेगळे, रकमा वेगळ्या. आतली रचना मात्र बरीचशी सारखी. ती एकदा समजली की कुठे जायचं, काय मागायचं आणि कशावर अडून राहायचं हे कळतं. दुःखाच्या दिवसांत हे शोधत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून ते आधीच नीट मांडून ठेवलेलं बरं.

पैसा कुठून येतो

सर्वांत आधी येतो तो त्या माणसाचा स्वतःचाच पैसा. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. याला मदत म्हणू नये, ती त्याची कमाई आहे. मृत्यू गोळीने झाला की आजारपणाने, याचा या हक्कावर परिणाम होत नाही.

दुसरी वाट निवृत्तिवेतनाची. कुटुंबाला दरमहा मिळणारी रक्कम, किंवा जखमी पोलिसाला अपंगत्वामुळे मिळणारी. तिसरी वाट एकरकमी सानुग्रह अनुदानाची. बातमीतला आकडा तो हाच. चौथी विम्याची: स्वतः काढलेला, खात्याने काढलेला गटविमा, आणि पगाराच्या खात्यासोबत बँकेने दिलेलं अपघात संरक्षण. या शेवटच्या प्रकाराचा घरच्यांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो आणि दावा कळवण्याची मुदत निघून जाते. पाचवी वाट कायदेशीर भरपाईची, म्हणजे ज्याच्या चुकीने इजा झाली त्याच्याकडून किंवा त्याच्या वाहनाच्या विमा कंपनीकडून. सहावी धर्मादाय संस्थांची आणि लोकवर्गणीची. याखेरीज अनुकंपा नोकरी, सरकारी घरात काही काळ राहण्याची मुभा, मुलांचं शिक्षण, औषधोपचार अशा गोष्टी असतात. त्या पैशात मोजल्या जात नाहीत, पण त्यांची किंमत मोठी असते.

या वाटा एकमेकींना काटतीलच असं नाही. एकरकमी अनुदान मिळालं म्हणून निवृत्तिवेतनाचा हक्क संपत नाही. कुठल्या रकमेतून कुठली वजा होईल याचे नियम असतात, पण 'तुम्हाला एकदा मिळाले ना, मग आता काय' हे कार्यालयातलं उत्तर म्हणजे नियम नव्हे. नियमाचा क्रमांक लेखी मागावा.

एकरकमी की दरमहा

भारत सरकारच्या नोकरीतलं उदाहरण घेऊ. केंद्रीय पोलीस दलांनाही हेच नियम लागू होतात. राज्यांच्या पोलिसांना आपापल्या राज्याचे नियम लागतात, म्हणून आकड्यांपेक्षा तत्त्व पाहा. सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू साध्या आजाराने झाला, तर कुटुंब निवृत्तिवेतन पहिली दहा वर्षं मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के. मृत्यू कर्तव्यावरच्या अपघातात झाला, तर असाधारण कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ६० टक्के. दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हल्ल्यात झाला, तर उदारीकृत निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटचं पूर्ण मूळ वेतन. याच्यावर महागाई भत्ता वेगळा.

समजा, मूळ वेतन ५०,००० रुपये होतं. पहिल्या प्रकारात घरी येतील २५,००० आणि दहा वर्षांनंतर १५,०००. दुसऱ्यात ३०,०००. तिसऱ्यात ५०,०००. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक वीस वर्षांचा मोजला, तर पहिल्या दहा वर्षांत ३० लाख आणि पुढच्या दहांत ४२ लाख, एकूण ७२ लाख होतो. तोही महागाई भत्ता न धरता. त्याच केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी हल्ला यासाठी सानुग्रह अनुदान २५ लाख आहे. सीमेवरची चकमक किंवा अतिरेक्यांशी कारवाई यासाठी ३५ लाख, युद्धजन्य प्रसंगासाठी ४५ लाख.

म्हणजे बातमीत येतो २५ लाखांचा आकडा, आणि ७२ लाखांचा फरक ठरतो एका फाइलवरच्या शेऱ्यावर: मृत्यू कोणत्या प्रकारात मोडतो. हा शेरा काय आहे हे कुटुंबाने पहिल्याच महिन्यात विचारलं पाहिजे. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही एक गोष्ट.

एकरकमी पैशाचं काम वेगळं आहे. कर्ज फेडणं, सरकारी घर सोडावं लागलं तर डोक्यावर छप्पर शोधणं, पहिल्या वर्षाचा धक्का सोसणं. पण तोच पैसा सर्वांत लवकर विरघळतो. नात्यातले उसने मागतात. कुणी दुप्पट करून देण्याची योजना घेऊन येतं. कागदपत्रं करून देतो म्हणून टक्केवारी मागणारेही दारात उभे राहतात. पहिले काही महिने मोठी रक्कम सरकारी बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी आणि अल्पवयीन मुलांचा वाटा त्यांच्या नावाने वेगळा राहील एवढं पाहावं. मोठे निर्णय नंतर.

'कर्तव्यावर' म्हणजे किती दूरपर्यंत

जगातला प्रत्येक नियम शेवटी एकाच प्रश्नावर येतो: ही इजा, हा मृत्यू कर्तव्यामुळे झाला का? गोळीबारात हा प्रश्न पडत नाही. तो पडतो ड्युटी संपवून घरी परतताना झालेल्या अपघातात. सलग बंदोबस्तानंतर पहाटे आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यात. किंवा वर्षानुवर्षं मृतदेह आणि अत्याचार पाहून खचलेल्या मनाने घेतलेल्या शेवटच्या निर्णयात.

ब्रिटनमध्ये २००६ च्या पोलीस इजा लाभ नियमांनी ड्युटीवर जाण्याचा आणि ड्युटीवरून घरी परतण्याचा आवश्यक प्रवासही यात धरला आहे. फक्त इजा स्वतःच्या गंभीर हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. अमेरिकेचा प्रवास आणखी बोलका आहे. १९७६ मध्ये तिथे केंद्रीय कायदा झाला आणि कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसाच्या वारसांना ५०,००० डॉलर देण्याचं ठरलं. १९९० मध्ये कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्यांचा त्यात समावेश झाला. २००३ मध्ये नवा कायदा आला: नेहमीपेक्षा वेगळ्या, ताणाच्या किंवा अंगमेहनतीच्या कामानंतर २४ तासांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला, तर तो कर्तव्यामुळेच आला असं गृहीत धरायचं. २०२२ मध्ये भीषण प्रसंगानंतरचा मानसिक आघात आणि त्यातून झालेली आत्महत्या यांनाही दार उघडलं. मूळ ५०,००० डॉलरची रक्कम आता चार लाख डॉलरांच्या वर गेली आहे. कॅनडात १ एप्रिल २०१८ पासून कर्तव्यामुळे मृत्यू आलेल्या पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना तीन लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत एकरकमी अनुदान मिळतं. त्यात कामामुळे जडलेल्या आजाराने आणि मानसिक विकाराने झालेले मृत्यूही येतात.

२००३ च्या त्या 'गृहीत धरायचं' या तरतुदीकडे जरा थांबून पाहू. तोवर सिद्ध करण्याचं ओझं कुटुंबावर होतं. झटका कामामुळे आला, जेवणाखाण्यामुळे किंवा आनुवंशिकतेमुळे आला नाही, हे पतीला गमावलेल्या बाईने कसं सिद्ध करायचं? कायद्याने ओझं उलट्या बाजूला ठेवलं: तसं नाही हे दाखवायचं असेल तर सरकारने वैद्यकीय पुरावा आणावा. अशा गृहीतकांनी जितक्या घरांना आधार मिळतो, तितका रक्कम वाढवूनही मिळत नाही.

पहिल्या काही दिवसांतले कागद

आता जमिनीवर येऊ. समजा, एक हवालदार साक्षीसाठी न्यायालयात निघाला. स्वतःच्या दुचाकीने, साध्या कपड्यांत. वाटेत ट्रकची धडक बसली. तो कर्तव्यावर होता का? हो, पण ते सांगणार कोण? समन्सची प्रत, ठाण्याच्या दैनंदिनीत 'अमुक वाजता न्यायालयाकडे रवाना' ही नोंद, न्यायालयात त्या दिवशी लागलेला खटला, आणि त्याला पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचा जबाब. दैनंदिनीतली ती एक ओळ राहिली असेल, तर उरलेले कागद जोडून तीच गोष्ट सिद्ध करायला कुटुंबाला वर्ष लागू शकतं.

दुखापतीतही तेच. दगडफेकीत गुडघ्याला मार लागला, शिपायाने मलम लावून ड्युटी पूर्ण केली, रुग्णालयात गेलाच नाही. तीन वर्षांनी गुडघा वाकेनासा झाला. तेव्हा वैद्यकीय मंडळ विचारणार, त्या दिवसाची नोंद कुठे आहे? पोलिसांत दुखणं अंगावर काढण्याची सवय मोठी आहे. ती समजण्यासारखी असली तरी तिची किंमत पुढे घरच्यांना मोजावी लागते. मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी दैनंदिनीत नोंद करावी, सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावं आणि केसपेपर जपून ठेवावा.

मृत्यूच्या प्रकरणात प्रथम खबर अहवाल, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तैनातीचा आदेश, हजेरीपट आणि मृत्यूचं प्रमाणपत्र हे कागद जवळजवळ प्रत्येक दाव्याला लागतात. प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती एकदमच जास्त काढून घ्याव्यात. हे काम कुटुंबाने करायचं नसतं, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्यासोबत तो माणूस काम करत होता त्या ठाण्याने एक अधिकारी नेमून, सगळे दावे दाखल होईपर्यंत, त्या घराशी बांधून ठेवला पाहिजे. जिथे हे होतं तिथे फाइल पुढे सरकते.

पैसा कुणाचा

पत्नी आणि सासू-सासरे यांच्यातले वाद इथेच सुरू होतात, आणि बऱ्याचदा ते लोभापेक्षा गोंधळातून होतात. कारण प्रत्येक वाटेचा वाटप-नियम वेगळा. कुटुंब निवृत्तिवेतन हे मृताच्या मालमत्तेचा भाग नसतं. ते नियमात ठरलेल्या क्रमानेच जातं, मृत्युपत्रात दुसऱ्याचं नाव लिहून ते वळवता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि विमा नामनिर्देशनाप्रमाणे दिला जातो, पण ज्याचं नाव लिहिलं तोच सगळ्याचा मालक असं प्रत्येक ठिकाणी नसतं. अनेक बाबतींत त्याने ते पैसे वारसांच्या वतीने स्वीकारलेले असतात. अमेरिकेच्या केंद्रीय योजनेत जोडीदार आणि मुलं दोन्ही असतील तर निम्मी रक्कम जोडीदाराला आणि निम्मी मुलांत समान. त्या परिस्थितीत आईवडिलांना काही नाही. हे बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. म्हाताऱ्या आईवडिलांचा आधार तोच मुलगा असेल, तर मला हा नियम अपुरा वाटतो.

पुनर्विवाहाचा प्रश्नही यातलाच. ब्रिटनमध्ये १९८७ च्या पोलीस निवृत्तिवेतन योजनेखाली विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं निवृत्तिवेतन बंद व्हायचं. एकटीने राहायचं किंवा उत्पन्न गमवायचं, अशी ती निवड होती. अशा स्त्रियांनी मोहीम चालवली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की, ज्यांचा जोडीदार कर्तव्यावर मृत्यू पावला त्यांनी १ एप्रिल २०१५ नंतर लग्न केलं तरी निवृत्तिवेतन चालू राहील.

जो वाचला त्याचं काय

जखमी पोलिसाच्या मदतीत सर्वांत अवघड भाग म्हणजे इजा मोजणं. शरीराचं किती टक्के नुकसान झालं हे मोजायचं, की कमावण्याची ताकद किती गेली हे मोजायचं? दोन पोलिसांच्या उजव्या हाताची सारखीच बोटं निकामी झाली. एक गाडीचालक होता, दुसरा संगणकावरचा तपास करणारा. शरीराची टक्केवारी तीच येईल. पण गाडीचालकाला दुसरं काम मिळणं कितीतरी अवघड आहे.

ब्रिटनने दुसरी पद्धत धरली. कमावण्याची क्षमता किती घटली त्यावर चार पायऱ्या: २५ टक्क्यांपर्यंत, ५० पर्यंत, ७५ पर्यंत आणि त्यापुढे. पायरी आणि नोकरीची वर्षं पाहून किमान उत्पन्नाची हमी ठरते. सर्वांत वरच्या पायरीवर ती सरासरी वेतनाच्या ८५ टक्के असते, मग नोकरी एक वर्षाची असो की वीस. सर्वांत खालच्या पायरीवर, पाच वर्षांहून कमी नोकरी असेल तर, अवघी १५ टक्के. मिळणारं इतर निवृत्तिवेतन त्या हमीतून वजा होतं आणि उरलेला फरक दिला जातो. कमावण्याची क्षमता पुन्हा तपासली जाऊ शकते. बरी होणारी इजा असेल तर ते रास्त आहे, पण पाय कापलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावून तपासण्यात काय हशील?

भारतात आणखी एक आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० सांगतं की, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, त्याचा हुद्दा उतरवू नये. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करावं. कामाचं स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला यातून सूट देण्याचा अधिकार शासनाला आहे, त्यामुळे आपल्या दलाला सूट आहे का हे आधी पाहावं. नसेल तर 'स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून द्या' या सल्ल्यावर घाईने सही करू नये. स्वतःहून सोडलेली नोकरी आणि अपंगत्वामुळे वैद्यकीय मंडळाने थांबवलेली नोकरी यांचे लाभ वेगळे असतात.

जखमी घरातला खर्च रुग्णालयाच्या बिलात पूर्ण दिसत नाही. पगारातले भत्ते बंद होतात. पत्नी सेवा करण्यासाठी स्वतःची नोकरी सोडते. फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालते आणि कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो. एकदाच दिलेला धनादेश यापुढे कसा टिकणार? म्हणून जखमींसाठी दरमहा उत्पन्न आणि आयुष्यभराचा उपचार या दोनच गोष्टींवर भर असायला हवा असं मला वाटतं.

काही इजा तर दिसायलाच वर्षं लागतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्क शहर पोलीस दलाचे २३ जण त्या दिवशी गेले. ढिगाऱ्यावर काम केलेले अनेक जण नंतर फुप्फुसांच्या आजारांनी आणि कर्करोगाने गेले. त्यांच्या उपचारासाठी आणि भरपाईसाठीचा, तिथल्याच एका पोलिसाच्या नावाने ओळखला जाणारा झाड्रोगा कायदा २०११ मध्ये, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी अस्तित्वात आला. धुराच्या, रसायनांच्या किंवा साथीच्या कामावर पाठवलेल्या प्रत्येकाची तैनातीची नोंद जपून ठेवण्याचं कारण हे आहे.

लोकांनी दिलेला पैसा

१२ ऑगस्ट १९६६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात तीन पोलिसांना गोळ्या घालून मारण्यात आलं. देश हादरला. सुट्टीच्या छावण्यांचे उद्योजक बिली बटलिन यांनी अडीच लाख पौंड दिले, लोकांच्या देणग्यांनी निधी दहा लाखांच्या पुढे गेला आणि त्यातून पोलीस डिपेंडंट्स ट्रस्ट उभा राहिला. आज हे काम 'पोलीस केअर यूके' या नावाने चालतं. भारतात ९ एप्रिल २०१७ रोजी 'भारत के वीर' सुरू झालं. केंद्रीय दलांतल्या हुतात्म्याच्या कुटुंबाच्या खात्यात नागरिकांना तिथे थेट पैसे भरता येतात आणि एका खात्याला १५ लाखांची मर्यादा आहे.

ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. लोकवर्गणी लवकर येते, नियमांत अडकत नाही, ही तिची ताकद. पण ती बातमीच्या मागे जाते. गाजलेल्या हल्ल्यातल्या घराकडे ओघ लागतो आणि त्याच आठवड्यात कुठल्याशा नाक्यावर वाहनाखाली सापडलेल्या शिपायाच्या घरी कुणी येत नाही. मर्यादा भरली की देणाऱ्याला दुसऱ्या घराकडे वळावं लागतं. देणगी द्यायची असेल तर कायमस्वरूपी निधी चालवणाऱ्या संस्थेला द्यावी, कारण ती दहा वर्षांनी मुलाच्या शिक्षणालाही उपयोगी पडते.

अर्ज फेटाळला तर

पहिला नकार हा बहुतेक वेळा कागद अपुरे असल्याचा नकार असतो. तो लेखी घ्यावा, त्यात कारण आणि नियम लिहिलेला असावा. अपिलाची मुदत त्या पत्राच्या तारखेपासून किंवा ते हातात पडल्यापासून मोजली जाते, म्हणून पाकीटसुद्धा टाकू नये. वैद्यकीय मंडळाच्या निष्कर्षावर बऱ्याच ठिकाणी पुनर्विलोकन मंडळ असतं; तिथे स्वतःच्या तज्ज्ञाचं मत जोडता येतं. वाहन अपघात असेल तर खात्याकडचा दावा आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा एकाच वेळी चालू शकतो, एकाच्या निकालासाठी दुसरा थांबवू नये, कारण दोघांच्या मुदती वेगळ्या धावत असतात.

आणि जे आज सेवेत आहेत त्यांच्यासाठी: नामनिर्देशन. भरतीच्या वेळी, लग्नाआधी, आईचं किंवा भावाचं नाव लिहिलेलं असतं आणि पुढे लग्न, मुलं, घटस्फोट, आईचा मृत्यू झाला तरी ते तसंच राहतं. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, गटविमा, बँक खातं, प्रत्येकाचं नामनिर्देशन वेगळं असतं. एक बदललं म्हणजे सगळी बदलली असं होत नाही. आस्थापना शाखेत जाऊन आपल्या सेवापुस्तकात काय लिहिलंय ते पाहावं, बदल असेल तर अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि ती पोच कुठे ठेवली आहे हे घरात एका माणसाला सांगून ठेवावं.